जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

जुन्या दिल्लीच्या तटाबाहेर, उत्तरेच्या अंगास, अरवली पर्वताची एक खडकाळ सोंड यमुनेच्या दिशेने गेलेली आहे. या टेकडीस तेथे रिज म्हणतात. तिच्या माथ्यावर महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे आणि त्याचे नाव हिंदुराव. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसास हे नाव ऐकून क्षणभर नवल वाटते. कागलच्या घाटगे घराण्यातील सर्जेरावांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू हिंदुराव हे एके काळी दिल्लीत राहावयास आले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर टेकडीवरील त्याचा वाडा त्यांनी विकत घेतला. १८५७ च्या उठावात याच वाड्याभोवती कित्येक आठवडे तोफांचा भडिमार चालला होता. पुढे तेथे रुग्णालय झाले, पायथ्याची वस्ती बडा हिंदुराव म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि एका मराठी सरदाराचे नाव दिल्लीकरांच्या रोजच्या बोलण्यात राहून गेले.

या वस्तीपासून थोड्याच अंतरावर काश्मिरी गेटचा मोटारींच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार आहे. करोल बागेत वापरलेल्या मोटारींचे व्यापारी ओळीने बसलेले आहेत आणि पश्चिमेकडे मायापुरीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे सांगाडे सुटे केले जातात. मोटारीचा पुनर्जन्म आणि अंत्यसंस्कार असे दोन्ही विधी एकाच शहरात पाहावयास मिळतात. त्यामुळे लहान कुटुंबाने जुनी छोटी मोटार घ्यावयाची झाली तर काय पाहावे, या प्रश्नाचा विचार करावयास दिल्लीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

छोट्या मोटारीचा आपल्याकडील इतिहासही याच परिसरात घडला. दिल्लीलगतच्या गुडगावातील कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी बाहेर पडली. तीन सिलिंडरांच्या, ७९६ घनसेंटिमीटरच्या लहानशा इंजिनाने मध्यमवर्गाला प्रथमच मोटारीचे दार उघडून दिले. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु तिच्या मागून आलेल्या अनेक लहान गाड्या आज दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती फिरत आहेत. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या शिक्षकाला, कारकुनाला किंवा लहान दुकानदाराला अशी गाडी हा मोठाच आधार असतो. वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात न्यावयाचे, मुलांना परीक्षेच्या ठिकाणी पोहोचवावयाचे, ही कामे तिच्यावाचून अडतात. परंतु हीच गाडी चुकीची निवडली गेली तर वर्षानुवर्षे साठविलेला पैसा दुरुस्तीत जातो आणि ऐन वेळी वाहन दगा देते ते निराळेच.

आपल्याकडे बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगावर किंवा पाठीवरच्या झुलीवर भाळत नाही. तो जबडा उघडून दात मोजतो, जनावर दुसा आहे की चौसा आहे हे ठरवितो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालून भावाची बोटे दाबतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच शहाणपणा पुष्कळांना सुचत नाही. चकचकीत रंग, नवी आसने आणि सुवासिक अत्तराची कुपी यांवर मन लुब्ध होते. वास्तविक पत्र्याचा पोचा डोळ्यांस दिसतो व थोडक्या खर्चात निघतो. इंजिनाची झीज दिसत नाही आणि तिची दुरुस्ती कधी कधी गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते.

गाडीचे दात म्हणजे तिने तोडलेले अंतर. परंतु अंतर दाखविणारा आकडा मागे फिरविता येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबणे बरे नव्हे. साधारण घरगुती गाडी वर्षाला दहाबारा हजार किलोमीटर चालते. आठ वर्षांच्या गाडीवर तीस हजारांचाच आकडा असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले असेल, तर या दोहोंतील कोण खरे बोलत आहे हे उघड आहे. सुकाणूचक्राची झीज, चालकाच्या आसनाची बैठक, टायरांवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळोवेळी झालेल्या देखभालीच्या पावत्या, हे सारे साक्षीदार एकमेकांशी ताडून पाहावेत.

यानंतर खरी नाडीपरीक्षा सुरू होते. गाडी पाहावयास जाताना इंजिन थंड असले पाहिजे, असे विक्रेत्यास आधीच सांगून ठेवावे. पोहोचताच प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर इंजिन आधीच चालवून ठेवले आहे, असे समजावे. जुन्या इंजिनाचे पुष्कळ दोष थंड असतानाच बोलतात आणि ऊब येताच गप्प बसतात. थंड इंजिन सुरू व्हावयास फार वेळ घेत असेल, सुरू होताना धातूचा खडखडाट होत असेल किंवा एक सिलिंडर मागे राहिल्यासारखे ते अडखळत असेल, तर त्याचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. मात्र तीन सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच चार सिलिंडरांच्या इंजिनाहून थोडे अधिक थरथरते. तो रोग नव्हे.

मग धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. दट्ट्यावरील कड्या झिजल्या असतील किंवा झडपांच्या रबरी सीलांतून तेल खाली उतरत असेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जळत आहे. हा दोष बहुधा कमी खर्चाचा असतो. पांढऱ्या धुराविषयी मात्र विवेक केला पाहिजे. दिल्लीच्या पौष महिन्यातील सकाळी प्रत्येक गाडीच्या नळीतून वाफ निघते आणि थोड्या वेळात ती नाहीशी होते. ती निरुपद्रवी होय. परंतु इंजिन पुरते तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि थंडाव्याचे पाणी वरचेवर कमी होत असले, तर सिलिंडरच्या डोक्याखालील गॅस्केट फुटून पाणी आत शिरत असल्याचा संभव मोठा असतो.

तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल काळे असणे हा दोष नाही. ते आपले काम करीत असल्याचे ते चिन्ह आहे. पण तेल पातळीच्या खाली असेल, किंवा त्याला दुधाळ रंग आला असेल, तर सावध व्हावे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम इंजिनावर तसे केल्यास उकळते पाणी अंगावर येते. आत रंगीत शीतक द्रवाऐवजी गंजाळलेले पाणी आढळले, तर मालकाने इतर बाबींतही अशीच हयगय केली असेल असे मानावयास हरकत नाही. दिल्लीचा ज्येष्ठ महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. म्हणून वातानुकूलन चालू ठेवून गाडी वीस मिनिटे एका जागी उभी करावी आणि तापमापकाचा काटा कोठे स्थिरावतो, पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा थांबतो की नाही, हे पाहावे.

त्यानंतर गाडी चालवून पाहावयाची. सपाट रस्त्यावर कोणतीही गाडी शहाणी वाटते. चढावर तिचे खरे रूप कळते. या कामी हिंदुरावच्या टेकडीकडे जाणारा चढ उपयोगी पडतो. फार उंच नसला तरी लहान इंजिनाला उत्तर द्यावयास लावण्याइतका तो आहे. चढावर वेग देताच इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच घसरत आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ओझे पडताच टणटण असा आवाज येत असेल, तर ज्वलनात दोष आहे. उतारावर पाय काढून घ्यावा आणि खाली पोहोचून पुन्हा वेग द्यावा. त्या क्षणी मागे निळा झोत उठला तर झडपांच्या सीलांची साक्ष मिळाली. रुग्णालयाच्या परिसरात मात्र इंजिन गरजविणे असभ्यपणाचे व नियमबाह्य आहे. हे प्रयोग खालच्या अंगालाच करावेत.

इतके करूनही मनाचे समाधान झाले, तरी सौदा पक्का करण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतात. सामान्यतः चांगल्या पेट्रोल इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला दहा ते चौदा किलोग्रॅम असतो. परंतु आकड्यापेक्षाही सर्व सिलिंडरांचे दाब परस्परांशी जुळणे महत्त्वाचे. एखाद्यात दाब कमी भरला तर त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर कड्या झिजलेल्या आहेत. न वाढला तर दोष झडपांत किंवा गॅस्केटात आहे. अलीकडच्या गाड्यांत संगणकाची स्मृती वाचणारे छोटे यंत्र जोडता येते. येथेही एक चलाखी चालते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चावी फिरविताच लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल, तर दोष नाहीसा झालेला नसून दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारा भाग काही गाड्यांत रबरी पट्ट्याचा, तर काहींत साखळीचा असतो. मारुती ८०० च्या इंजिनात पट्टा होता. २००८ पासून आलेल्या के मालिकेच्या इंजिनांत साखळी आहे. पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो, आणि तो चालू गाडीत तुटला तर कित्येक इंजिनांत झडपा दट्ट्यावर आदळून वाकतात. म्हणून पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. गाडी सीएनजीवर चालणारी असेल, तर त्या इंधनाची नोंद नोंदणीपत्रात आहे काय आणि टाकीची तीन वर्षांनी करावयाची दाबपरीक्षा झाली आहे काय, हेही तपासावे.

आणखी एक धोका पाण्याचा. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि काश्मिरी गेट व सिव्हिल लाइन्स भागांतही पाणी शिरले. २६ जुलै २००५ ची मुंबई तर कोणी विसरलेले नाही. पाण्यात बुडालेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न झाला की सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. अशी गाडी धुऊनपुसून दूरच्या गावी विकली जाते. आसनांच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालचा वाळलेला गाळ, पट्टे पूर्ण ओढल्यावर दिसणारी मातकट रेघ आणि कुबट वास या खुणा धुण्याने सहसा जात नाहीत.

दिल्लीत गाड्या स्वस्त का मिळतात, हे कळल्यावाचून मात्र कोणी मोहात पडू नये. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनुसार दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी झाली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कठोर कारवाई करू नये असा आदेश झाला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. म्हणून खरेदीच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे पाहणे अगत्याचे आहे. या धास्तीने उतरलेली किंमत पाहून पुण्यानागपूरचे ग्राहक दिल्लीकडे वळतात. दिल्लीला खारा वारा नसल्याने तेथील गाडीचा पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा कमी गंजलेला असतो, हेही खरे. परंतु ती महाराष्ट्रात कायमची आणावयाची तर ना हरकत पत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हे सारे आलेच. तो खर्च मिळविल्यावर स्वस्ताई कितपत उरते, याचा हिशेब आधी मांडावा.

शेवटची परीक्षा कागदांची. इंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक नोंदणीपत्राशी जुळले पाहिजेत. कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा उतरलेला पाहिजे. आणि विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली पण नोंद बदलली नाही, आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी दप्तरी नोंदलेल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले. केवळ पैसे मोजून चावी हाती देण्याने व्यवहार पुरा होत नाही, तो कचेरीतील नोंदीने पुरा होतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे भल्या माणसांवर आयुष्यभराचे ओझे पडू शकते.

हिंदुरावच्या टेकडीवर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणविला. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली ते सांधून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्याचे सांधे आजही उघड दिसतात आणि त्यामुळे त्याचे मोल कमी झालेले नाही. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. दुरुस्ती झालेली गाडी वाईट नसते. लपविलेली दुरुस्ती वाईट असते. जो विक्रेता आपण होऊन सांधे दाखवितो, पावत्या पुढे करतो आणि थंड इंजिन तपासू देतो, त्याच्याकडे दोन पैसे अधिक मोजावे लागले तरी ते वाया जात नाहीत.