संगमावरील सिरोंचा

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात शिरते. आता ती महाराष्ट्राला कायमची अंतरली, असे वाटते. पण गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी ती पुन्हा आपल्या सीमेला येऊन भिडते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या मीलनाने झालेली प्राणहिता तेथेच तिला मिळते. या संगमाजवळ, प्राणहितेच्या डाव्या तीरावर, सिरोंचा हे लहानसे नगर वसले आहे.

येथील नगरपंचायतीचा कारभार मराठीत चालतो आणि मुले शाळेत मराठी धडे वाचतात. घरी मात्र बहुतेकांच्या तोंडी तेलुगू असते. पाण्याला तेथे 'नीळ्ळु' म्हणतात. थोरला भाऊ 'अन्ना' आणि थोरली बहीण 'अक्का'. ही दोन नाती मराठी घरांनाही परकी नाहीत! रानातल्या पाड्यांवरून बाजाराला आलेली माणसे गोंडी वा माडिया बोलतात. पोचमपल्ली, सोमनूर या आसपासच्या नावांतील 'पल्ली' आणि 'ऊर' यांचा अर्थ गाव असाच आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठचे लोक फ्रेंच बोलतात, म्हणून ते फ्रान्सचे होत नाहीत. सिरोंचाचेही तसेच आहे.

१८६० साली निजामाने हा मुलूख इंग्रजांस दिला. त्यांनी 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा निर्माण करून सिरोंचास त्याचे मुख्य ठाणे केले. १८७४ मध्ये तो जिल्हा चांद्यात विलीन झाला आणि १९८२ पासून हा भाग गडचिरोलीत आहे. गोदावरीच्या पैलतीरी काळेश्वराचे मंदिर आहे. तेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. २०१६ साली नदीवर पूल झाला. तोवर पैलतीर गाठण्यास नावेचाच मोठा आधार असे.

याहून कितीतरी जुना इतिहास भूमीच्या पोटात होता. पोचमपल्लीजवळ १९६० च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एका अजस्र डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे सापडली. ती निदान सहा प्राण्यांची होती. कवटी मात्र एकाचीही मिळाली नाही! बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय; त्यावरून, आणि रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे स्मरण म्हणून, १९७५ साली त्याचे 'बारापासॉरस टागोराय' असे नामकरण झाले.

नदीने या गावास जगविले, तसेच छळलेही. २०१९ मध्ये तेलंगणा शासनाने गोदावरीवर मेडिगड्डा येथे प्रचंड बंधारा पुरा केला. त्याचे एक टोक सिरोंचा तालुक्यात टेकले आहे. पाणी मिळावयाचे ते पलीकडील शेतांना. फुगवट्याचे पाणी मात्र अलीकडील धान, कापूस आणि मिरचीच्या शेतांत शिरू लागले. जुलै २०२२ च्या महापुरात तर कित्येक गावांतील माणसे घरेदारे सोडून निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि साठविलेले पाणी सोडून द्यावे लागले. पाणी ओसरले, पण बुडालेल्या शेतांच्या भरपाईसाठी शेतकऱ्यांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. तेथे अर्ज लिहावयाचा तो मराठीत. ज्याला ती भाषा नीट येत नाही, तो अशा वेळी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला जवळ बसवून घेतो.