ओवी छापायला परवानगी, गायला बंदी

संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यात दर्शनासाठी होते. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये या अवशेषांच्या डीएनए चाचणीच्या मागणीवरून जे पेटलं, त्यावरची भांडणं दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतही ऐकू आली. सगळा वाद एका संताभोवती फिरला. झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, मागितलं, हे खरंच आहे. पण ते १५५२ मध्ये वारले आणि न्यायासन गोव्यात बसलं १५६० मध्ये. मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्यात भरडलं गेलं कोण?

देवळं पाडणं, बाप वारलेली हिंदू मुलं पाद्र्यांच्या ताब्यात देणं, हे राजसत्तेच्या फर्मानांनी झालं. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा आदिलशाही मुलखात, आजच्या फोंडा तालुक्यात गेले ते त्याच धाकाने. इन्क्विझिशनची मुख्य नजर मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होती. ख्रिस्ती झालेला माणूस घरात पूर्वीसारखा वागतो का, हे ते शोधत होतं.

इन्क्विझिशनचा १७३६ चा हुकूम वाचताना अंगावर काटा येतो. दारात तुळस नको. भात शिजवताना मीठ घालायचंच. एकादशी नको, धोतर नको, चोळी नको. नवरानवरीला हळद नको, नारळाचा रस नको. आणि लग्नात ओव्या नकोत.

याच गोव्यात १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, आणि मुखपृष्ठावर इन्क्विझिशनचीच परवानगी! पाद्र्याने रचलेली ओवी धर्मप्रसाराला चालली. बाईने मांडवात गायलेली ओवी गुन्हा ठरली. माझ्या मते या राजवटीचा स्वभाव इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. ख्रिस्त मराठीत सांगायला तिची हरकत नव्हती. लोकांनी आपल्या मनाने काही जपलं, हे तिला सहन होत नव्हतं.

न्यायासन बंद झाल्यावर गोव्यातले बहुतेक खटल्यांचे कागद जाळले गेले. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये यावर ग्रंथ लिहिला, तो हुकूमनामे, पत्रं आणि प्रवाशांच्या हकिकती जुळवून. आरोपींचा आवाज त्यात फार थोडा सापडतो. पण १७३६ च्या यादीतून तो उलट्या बाजूने ऐकू येतो: पावणेदोनशे वर्षांच्या दहशतीनंतरही लोक हे सगळं करत होते, म्हणून तर बंदी घालावी लागली. गोव्याच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी आजही ‘रोस’ होतो, नवरानवरीच्या अंगाला नारळाचा रस लावतात, आणि गाणीही म्हणतात.