सदऱ्यावरची चिठ्ठी

विद्यार्थी मित्रांनो, कपड्यांच्या दुकानात गेलात की सदऱ्याच्या गळ्याशी शिवलेली लहानशी चिठ्ठी वाचून पाहा. तिच्यावर कधी कधी 'बांगलादेशात तयार केलेले' असे लिहिलेले असते. कापूस एका देशात पिकतो, शिलाई दुसऱ्या देशात होते आणि सदरा विकला जातो तिसऱ्याच देशात. माल, पैसा, यंत्रे आणि ज्ञान यांची अशी देवाणघेवाण जगभर वाढणे, यालाच जागतिकीकरण म्हणतात.

बांगलादेश १९७१ साली स्वतंत्र झाला. तेव्हा तो फार गरीब देश होता. ताग आणि तागाच्या वस्तू हीच त्याची मुख्य निर्यात होती. पुढे काही वर्षांनी तेथे परदेशी बाजारासाठी कपडे शिवणारे कारखाने निघू लागले. आता या धंद्यात सुमारे ४० लाख लोक काम करतात. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खेड्यातून आलेल्या कितीतरी मुलींच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा आला. देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. हा झाला जागतिकीकरणाचा लाभ.

पण नाण्याला दुसरी बाजूही असते. परदेशी कंपन्यांना माल स्वस्तात आणि वेळेवर हवा असतो. नियम कडक केले तर काम दुसऱ्या देशात जाईल, अशी भीती शासनाला वाटते. कारखाने भराभर वाढले. त्यांची तपासणी करणारे निरीक्षक मात्र त्या मानाने वाढले नाहीत.

ढाक्याजवळ साभार येथे राना प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिचे वरचे मजले परवानगीशिवाय बांधलेले होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला भाग पाडले गेले. त्या सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मरण पावली.

या घटनेनंतर अनेक परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी कारखान्यांच्या तपासणीचा करार केला. बांगलादेशाच्या शासनाने कामगार कायदा सुधारला, किमान वेतन वाढवले आणि तपासणीचे खाते मोठे केले. हेच आधी झाले असते, तर?

मित्रांनो, बाजार खुला झाला म्हणजे शासनाचे काम संपले, असे समजू नका. उलट ते वाढते. परवाना देणे सोपे असते. परवाना दिल्यावर लक्ष ठेवणे कठीण असते. कारखान्यांची संख्या वाढणे म्हणजे केवळ वाढ होय. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतणे, हा खरा विकास होय.