भाकरीतलं ग्लुकोज, कडब्यातलं ग्लुकोज

ज्वारी काढली की दाणा माणसाचा आणि कडबा बैलाचा, ही वाटणी आमच्या सोलापूरकडे कुणाला शिकवावी लागत नाही. तिच्यामागचं रसायन मात्र मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी शिकवतो. दाण्यातला स्टार्च ग्लुकोजच्या साखळ्यांचा, कडब्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजच्याच साखळ्यांचं.

सगळा फरक पहिल्या कार्बनवर. ग्लुकोजच्या रेणूचं कडं होतं तेव्हा या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट खाली तरी येतो नाहीतर वर तरी. खाली तो अल्फा, वर तो बीटा. अल्फा जोडणीची साखळी स्प्रिंगसारखी पिळत जाते, तो स्टार्च. बीटा जोडणीत प्रत्येक पुढचं ग्लुकोज उलटं बसतं, साखळी सरळ राहते आणि अशा साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात.

प्रात्यक्षिकाला मी डब्यातलीच भाकरी काढतो. पाण्यात कुस्करून आयोडीनचा थेंब टाकला की निळंकाळं होतं, कारण आयोडीन त्या पिळाच्या पोकळीत शिरून बसतं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या बोळ्यावर तोच थेंब तपकिरीच राहतो. मग दुसऱ्या नळीतल्या भाकरीत लाळ घालायची. मुलं फिदीफिदी हसतात, थुंकायला लाजतात. पण नळी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की निळा रंग येईनासा होतो. लाळेतल्या अमायलेजनं साखळी तोडलेली असते. कापूस दिवसभर भिजवला तरी ढिम्म.

सेल्युलोज तोडणारं एन्झाइम खुद्द बैलाकडेही नाही, म्हटलं की वर्गात चुळबुळ सुरू होते. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जीवाणू ते काम करतात आणि सुटलेलं ग्लुकोज स्वतःच फस्त करतात! बैलाच्या वाट्याला येतात ॲसिटिक, प्रोपिऑनिक अशी आम्लं. त्यातल्या प्रोपिऑनिकपासून त्याचं यकृत पुन्हा ग्लुकोज बनवतं.

आपल्या रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. म्हणून ग्लुकोजच्याच साखळ्यांचा, म्हणजे ग्लायकोजेनचा साठा: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. पेशी ग्लुकोज तोडते त्या क्रियेच्या, ग्लायकोलिसिसच्या, १० पायऱ्या पुस्तकं घोकून घेतात. मला पहिलीच मोलाची वाटते. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटतं आणि त्याची बाहेरची वाट बंद होते. ते फॉस्फेट काढणारं एन्झाइम यकृतात आहे, स्नायूंत नाही. त्यामुळे उपाशी माणसाच्या मांडीत ग्लायकोजेन भरपूर असलं तरी मेंदूला त्यातलं ग्लुकोज थेट मिळत नाही.

आडवाटेनं मिळतं. जोरात पळताना स्नायू ग्लुकोज अर्धवट तोडून लॅक्टेट रक्तात सोडतात आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. हे चक्र गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याच्या नावानं ओळखतात. ग्लायकोजेनवरच्या कामासाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. रक्तातल्या एका ग्लुकोजमागे स्नायूला या वाटेनं पेशीचं ऊर्जेचं चलन असलेले २ एटीपी मिळतात, तेच ग्लुकोज परत जुळवायला यकृताला ६ एटीपीइतकी ऊर्जा मोजावी लागते. शरीर हा तोट्याचा व्यवहार करतं, कारण पळत्या स्नायूला ऑक्सिजन पोचेपर्यंत थांबायला सवड नसते.