विसापूरच्या पायऱ्या आणि आपला बूट : मुलींनी पावसाळी ट्रेकसाठी काय बघून घ्यावं?

(एपिसोडचं शब्दांकन. अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

जून लागला की मेसेज सुरू होतात, "ताई, लोणावळ्याला ट्रेकला जायचंय, बूट कोणता घेऊ?" आज त्याचंच उत्तर.

मी पहिल्यांदा विसापूरला गेले ती जिमच्या रनिंग शूजवर. मळवलीला लोकलमधून उतरलो, भाजे गाव मागे टाकलं, तोवर सगळं मस्त. मग त्या पायऱ्या आल्या. पावसाळ्यात ती वाट नसतेच, ओढा असतो. पाणी वरून येतं आणि आपण त्यातूनच चढायचं. चढताना काही झालं नाही हो. उतरताना टाच सुटली आणि तीन पायऱ्या मी बसूनच उतरले. माकडहाड महिनाभर दुखत होतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे : बूट चढायला नाही, उतरायला घ्यायचा.

आता मावळात गंमत काय, की एकाच दिवसात पायाखालची जमीन चारदा बदलते. तुंगार्लीवरून राजमाचीला निघालात तर लांबच लांब चिखलाची वाट. कोंढाणे लेण्यांकडून वर आलात तर खडी चढण. लोहगडाच्या पायऱ्या ओल्या झाल्या की निसरड्या. आणि पाऊस सरला की त्याच डोंगरांवर मुरूम आणि घसारा, म्हणजे पायाखालून खडी सरकते ते.

चिखलाला सोलचे दात खोल आणि लांब-लांब हवेत, म्हणजे चिखल अडकून न राहता गळून पडतो. चार-पाच मिलिमीटर खोली पुरते. ओल्या कातळाला मात्र दात नाही, रबर महत्त्वाचं. मऊ रबर दगडाला धरतं, पण झिजतंही लवकर. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या दगडावर साबणासारखं सरकतं. दुकानात सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडं दबलं, तर बरं. दगडासारखं लागलं, तर ठेवून द्या. हिरव्या शेवाळावर कुठलंच रबर चालत नाही, पाच हजारांचंही नाही. तिथे पाय ठेवायचाच नाही.

स्कीइंगवाल्यांचंही असंच असतं. ताज्या भुसभुशीत बर्फाला रुंद स्की बरी, कडक गोठलेल्याला अरुंद आणि कडेने धरणारी. सगळीकडे चालावी म्हणून मधली घेतात, आणि ती कुठेच शंभर टक्के नसते. आपलंही तसंच. तुमचे जास्त ट्रेक जुलै-ऑगस्टमधले असतील तर रबराला झुकतं माप द्या.

आता मुलींचा खास मुद्दा. पुरुषांच्या ट्रेकिंग बुटांचे साइज बहुतेक ठिकाणी सहापासून सुरू होतात, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी चार-पाचवाल्या. मग दुकानदार म्हणतो, "मॅडम, जाड मोजा घाला, बसेल." नाही बसत! बऱ्याच बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. बूट टाचेला सैल राहिला की चढताना फोड येतात, आणि उतरताना पाय पुढे सरकून बोटं आपटतात. ट्रेकनंतर अंगठ्याचं नख काळं पडतं ना, ते यामुळे. बायकांसाठी म्हणून विकला जाणारा बूट खरंच टाचेला अरुंद आहे की नुसता गुलाबी रंगवलाय, ते घालूनच कळतं. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे सोबत न्या, सुती नकोत. लेस घट्ट बांधा, उतारावर किंवा जिन्यावर तोंड खाली करून उभ्या राहा. बोटं पुढे टेकली, तर अर्धा साइज वर. टाच उचलली, तर दुसरा बूट. सेल्समन कंटाळला तरी चालेल.

वॉटरप्रूफवर उगाच दोन हजार जास्त घालवू नका, निदान आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी. इथे पाणी घोट्याच्या वरून आत शिरतं, आणि वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण चार पावलांत पाणी बाहेर टाकतो. हिमालयाच्या बर्फात जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर चिखल धुवा, आत वर्तमानपत्र कोंबा, सावलीत वाळवा. आणि कपाटात दोन-तीन पावसाळे पडून असलेला जुना जोड थेट डोंगरावर नेऊ नका. दमट हवेत सोलचा मधला फेस आणि गोंद कुजतो, वरून काही दिसत नाही, आणि अर्ध्या वाटेत सोल तोंड उघडतो. आधी आठवडाभर तोच घालून बाजारात, कॉलेजात फिरा. तरीही बॅगेत सुतळी असू द्या. मी एकदा अख्खा तिकोना सुतळी बांधलेल्या बुटावर उतरलेय, आणि खाली चहावाल्या मावशींनी आधी बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.