परदेशातील हिवाळा आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट

विवळवेढे-डहाणूकडे घर तापविण्याची वेळ येत नाही. पण हिवाळ्यात मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेत जाणाऱ्या आजी-आजोबांनी थर्मोस्टॅट समजून घ्यावा. इस्त्रीप्रमाणेच तो ठरलेल्या तापमानाला उष्णता बंद करतो, खोली गार झाली की सुरू करतो. आकडा ३० वर नेल्याने खोली लवकर तापत नाही; यंत्र नुसते उशिरा थांबते. काही थर्मोस्टॅटवर वेळेनुसार तापमान लावून ठेवता येते. मुलगा-सून कामावर जातात म्हणून दुपारचे तापमान उतरवलेले असते, आणि नेमकी तेव्हाच म्हातारी माणसे घरात बसून असतात! थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस (अमेरिकेतील आकड्यात सुमारे ६४) राखण्यास सांगितले. वृद्धांना अधिकही लागते. तेव्हा पोहोचल्याबरोबर दुपारचा आकडा मुलाकडून बदलून घ्यावा. बिलाचा संकोच नको.