स्वारीचे वर्ष आणि विरहाची गाणी

अठराव्या शतकातील मराठी फौजेत शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून कुणबी स्वारीवर निघे आणि मृगाच्या पेरणीपूर्वी गावी परते. विरहाच्या लावणीचा अर्थ या वर्षचक्रावाचून नीट उलगडत नाही.

पावसापूर्वी पथिकाने घरी यावे, हा संस्कृत विरहकाव्याचा जुना संकेत. मराठी मुलखात त्याला प्रत्यक्षाचा आधार होता. मार्च १७६० मध्ये परतूरहून उत्तरेकडे निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेचा पावसाळा यमुनेकाठी गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ती मोडली. हजारो घरांतील पुरुष परतलेच नाहीत. मेघ आले आणि धनी आला नाही, ही तक्रार अशा समाजात केवळ शृंगाराची राहत नाही. पेरणीला हात उरला नाही, हेही तीत आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर पोवाडा आणि लावणी दोन्ही रचत. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार. श्रमाचे जग त्यांना परके नव्हते. मात्र पोवाड्यात सरदारांची नावे येतात, तर विरहाच्या लावणीतील धनी बहुधा निनावी असतो. शिवाय तिथला स्त्रीचा आवाज पुरुषाने रचलेला आहे. स्त्रीचे स्वतःचे शब्द शोधायचे तर जात्यावरच्या ओवीकडेच वळावे लागते.

या दृष्टीने भिलाईचा परिसर उद्बोधक ठरतो. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. येथील स्त्रिया दिवाळीच्या सुमारास धानाच्या टोपलीत मातीचा राघू ठेवतात आणि भोवती फेर धरून सुआगीते गातात. राघूकरवी दूरच्या पतीला निरोप धाडला जातो. या गीतांतील विरहाला युद्धच कारण असते असे नाही. म्हणून लावणीशी त्यांचे ऋणानुबंध जोडणे योग्य होणार नाही. साम्य आहे ते कालचक्राचे. धान कापून झाले की आजही येथील कित्येक मजूर परमुलखातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. स्वारी सरली, तिचे वेळापत्रक उरले.

१९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तिच्या पाळ्यांना ऋतू नाही. ज्यांना तेथे काम मिळाले त्यांचे वर्ष बदलले. उरलेल्यांच्या घरी मात्र राघूला सांगायचा निरोप अजून शिल्लक आहे. लावणीला शृंगार आणि सुआला नृत्य एवढ्याच खात्यात टाकणारा अभ्यासक त्या निरोपातील निम्मा मजकूर गमावतो.